आंब्याच्या पानावरची अळी: बॅरनची की घोणस?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी नेरूळ स्टेशनबाहेर झेंडू, भाताच्या लोंब्या आणि आंब्याचे टाळे घेऊन मावश्या बसतात. त्यांच्याकडून मी टाळे आणते आणि रात्री जेवणं उरकली की शेजारच्या काकूंबरोबर तोरण ओवायला बसते. गेल्या वर्षी अर्धं तोरण झालं असेल. काकूंनी उचललेल्या एका पानाची मधली शीर जरा जास्तच जाड दिसत होती. दिव्याखाली धरलं तर शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक हिरव्या पिसांची झालर. काकूंनी सुई जवळ नेली आणि ती शीर हलली.

"अगं बाई, घोणस!" म्हणत त्यांनी पान भिरकावलं आणि चप्पल शोधायला लागल्या.

ती घोणस नव्हती. ती बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी होती. अंगावर एवढे काटे, पण त्यातला एकही विषारी नाही. तरी काकू उगाच घाबरल्या असं मी म्हणणार नाही. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आमच्याच आवारातल्या आंब्यावर अडकलेलं शटलकॉक काढायला चढलेल्या तिसरीतल्या मुलाच्या मनगटाला खरी घोणस अळी लागली होती. त्याचं रडणं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं होतं. दोन्ही अळ्या हिरव्या, दोन्ही काटेरी, दोन्ही आंब्यावरच्या, आणि दोन्ही हमखास दिसतात त्या पावसाळ्यात आणि पाऊस सरता सरता. म्हणजे नेमक्या गणपती ते दसरा, आपण आंब्याच्या डहाळ्यांना सगळ्यात जास्त हात घालतो तेव्हा. त्यामुळे दोघींची गल्लत होते आणि मार बहुतेक वेळा बॅरनच्या अळीला बसतो, कारण दिसायला तीच जास्त भयंकर आहे.

घोणस या नावाचाही यात मोठा वाटा आहे. घोणस म्हणजे आपल्याला विषारी साप माहीत. त्याचं नाव अळीला चिकटल्यावर अर्धी भीती तिथेच तयार होते. सप्टेंबर २०२२मध्ये बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात शेतकऱ्यांना या अळीचा त्रास झाल्याच्या बातम्या आल्या आणि पाठोपाठ 'अळी चावली की माणूस दगावतो' असे मेसेज घरोघरी फिरले. अळीचा आणि सापाचा काहीही संबंध नाही. ती चावतही नाही. तिच्या पोकळ काट्यांच्या मुळाशी विषाच्या ग्रंथी असतात. कातडीला घासून काट्याचं टोक मोडलं की विष आत उतरतं. आग होते, लाल गांधी उठतात, काहींना हात सुजेपर्यंत त्रास होतो. वेदना खरी असते, आणि ॲलर्जी असलेल्या माणसाला ती जड जाऊ शकते. पण तिला सापाच्या पंगतीत बसवणं बरोबर नाही.

आता दोघींना शेजारी ठेवून बघू.

बॅरनची अळी पूर्ण वाढली की साधारण करंगळीएवढी लांब होते. रंग आंब्याच्या पानाचाच. पाठीवरून डोक्यापासून शेवटापर्यंत फिकट पिवळसर अशी एकच सरळ रेघ. दोन्ही कुशींतून लांब काट्यांच्या दहा जोड्या निघतात आणि प्रत्येक काट्याला पुन्हा बारीक फाटे असतात, शेवग्याच्या संयुक्त पानासारखे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे काटे वर उभे नसतात. ते आडवे, पानाला टेकून पसरलेले असतात. अळी पानाच्या वरच्या बाजूला, बरोबर मधल्या शिरेवर बसते. पाठीवरची रेघ शिरेवर येते आणि फाटेदार काटे आडव्या शिरांमध्ये मिसळून जातात. अंगाची कड पिसांनी झाकल्यामुळे पानावर तिची सावलीसुद्धा धड पडत नाही. तिचं सगळं संरक्षण न दिसण्यात आहे. त्या रात्री मी भिंग घेऊन बसले होते. अळी कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं हे शोधायला मला दोनदा नजर काढून पुन्हा लावावी लागली. कुशीतल्या एका फाट्याच्या टोकाला लोंबीचं कूस अडकलं होतं, फक्त त्याच्यामुळे कड कळली.

घोणस अळी आखूड आणि जाड, दोन-अडीच सेंटिमीटरची, चेपलेल्या शेंगदाण्यासारखी. घोणस हे एकाच जातीचं नाव नाही, एका अख्ख्या कुळातल्या पतंगांच्या अळ्यांना लोक तेच म्हणतात. आपल्याकडे आंबा, नारळ, बदाम, केळ, एरंड यांच्यावर नेहमी दिसणारी जी आहे, ती पोपटी असते आणि पाठीवरून लांबीला निळ्या पट्ट्या असतात. तिचे काटे झुबक्यांनी, ओळीत, वर उभे. निवडुंगाच्या फडावर असतात तसे. काहींच्या पुढच्या-मागच्या झुबक्यांना नारिंगी झाकही असते. ती लपत नाही. भडक पट्टे दाखवून ती पक्ष्यांना लांबूनच बजावते की मला तोंड लावू नका.

रंगावर मात्र फार विसंबू नका, असं मी सगळ्यांना सांगते. लहान अळीचे पट्टे पुसट असतात, आणि याच कुळातल्या काही अळ्या साध्या हिरव्या असतात. चालीत मात्र फरक पक्का कळतो. बॅरनच्या अळीला इतर फुलपाखरांच्या अळ्यांसारखे पाय असतात, पुढे तीन जोड्या आणि मागे गुबगुबीत पोटपाय. ती चालते तेव्हा अंगातून लाट गेलेली दिसते. घोणस अळीचे पाय दिसतच नाहीत. तिचं पोट सपाट आणि चिकट असतं, डोकं आत ओढलेलं. बिनशंखाची गोगलगाय सरकते तशी ती पानावरून घसरत जाते. काडीच्या टोकाने पान हलवा आणि एक मिनिट थांबा. पाय दिसले तर बॅरनची, नुसती घसरत गेली तर घोणस, तेवढ्यावर निर्णय होतो.

पानाची बाजूही बघायची. घोणस अळ्या लहानपणी घोळक्याने पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि पानाचा हिरवा थर खरवडून खातात. वरून बघितलं तर पानावर नुसते जाळीदार, पारदर्शक डाग दिसतात. असे डाग दिसले की त्या फांदीला हात लावू नका, पान उलटं करून बघायचं तर लांब काठीने. मोठ्या झाल्या की त्या पांगतात आणि अख्खं पान फस्त करतात. बॅरनची अळी मात्र एका पानावर एकटीच बसलेली असते.

घोणस अळी लागलीच तर पहिली गोष्ट, चोळायचं नाही. चोळल्याने मोडलेले काटे आणखी आत जातात. चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच दाबून उपटून काढायची, नवीन तुकडा घेऊन दोन-चार वेळा. मग साबण आणि वाहतं पाणी, मग फडक्यात गुंडाळून बर्फ. त्या मुलाच्या मनगटावरची चिकटपट्टी मी उजेडात धरली तेव्हा त्यावर दाढीच्या खुंटांसारखे बारीक काटे दिसले. डोळ्याला लागलं, ओठ-चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला, चक्कर आली तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जायचं.

त्या प्रसंगानंतर आवारातल्या तिन्ही आंब्यांवर फवारणी झाली. मूल कळवळलं होतं, पालक काळजीत होते, हे मला मान्य आहे. पण घोणस अळ्या एकाच झाडाच्या एकाच फांदीवर होत्या. ती फांदी छाटून, अळ्या चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाकून काम झालं असतं. उरलेल्या दोन झाडांवर मी ऑगस्टपासून बॅरनच्या चार अळ्या बघत होते. फवारणीनंतर एकही दिसली नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. इथून फार लांब नाही, ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं यावीत म्हणून त्यांच्या अळ्यांची खाद्यझाडं मुद्दाम लावलेली आहेत. कुरतडलेली पानं तिथे आनंदाने बघतात. आपल्या आवारात तेच झाड आयतं उभं आहे.

काकूंनी फेकलेलं पान सोफ्याखाली गेलं होतं, अळी पानाला धरून होती. तिला मी मोठ्या बरणीत ठेवलं, तोंडाला मलमलचं फडकं, आणि रोज आंब्याचं एक ताजं, जून पान. तिला कोवळी तांबूस पालवी दिली तर ती नुसती बसून राहायची. आठवड्याने ती पानाच्या खाली उलटी लटकली आणि दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा, धारदार कडांचा, कोनाकोनांचा कोष होता. त्यातून बाहेर आली ती मादी. तपकिरी, पुढच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. बॅरन फुलांकडे फारसं फिरकत नाही, त्याला पिकून पडलेलं फळ लागतं. म्हणून गॅलरीत अति पिकलेल्या चिकूची फोड ठेवली होती. तिने पंख सपाट पसरून ऊन घेतलं आणि चिकूकडे न बघताच निघून गेली.

घोणस अळीचा कोष अगदी वेगळा. खोडाच्या सालीवर चिकटवलेली, करड्या-तपकिरी रंगाची, टणक, चिंचोक्याएवढी डबी. त्यावरही खाजरे काटे असतात, म्हणून तो नखाने खरवडायचा नाही. पतंग बाहेर येताना त्या डबीचं एक टोक झाकणासारखं गोल उघडतं. पतंग मोठा देखणा असतो, हिरवेगार पुढचे पंख आणि त्यांना तपकिरी किनार. मनगटाचं दुखणं विसरल्यावर तो मुलगा मला खोडापाशी घेऊन गेला. हात पाठीमागे बांधून त्याने मोजले. सात कोष होते, पाचांची झाकणं उघडी, दोन बंद. त्या दोघांतून कधी येणार, म्हणून तो रोज शाळेत जाताना तिथे थांबायला लागला.