रोबोटिक्सची नवी टीम काढताय? खरेदीआधी हे वाचा

शाळा सुरू झाल्या की नौपाड्यातल्या आमच्या दुकानात चार-पाच मुलं आणि सोबत एखादे सर किंवा कुणाची तरी आई, असे घोळके येऊ लागतात. हातात सामानाची भली मोठी यादी असते. आमचा पहिला प्रश्न ठरलेला: स्पर्धा कोणती?

सगळं सामान त्यावर ठरतं. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये टीम 15 मुलांपर्यंत चालते, सामना सुरू होताना रोबोट 18 इंची चौकोनी खोक्यात मावावा लागतो आणि मोटर नियमावलीत दिलेलीच लावावी लागते. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडच्या रोबोमिशनमध्ये टीम दोघा-तिघांची आणि सुरुवातीचं माप 25 सेंटिमीटर. कॉलेजच्या लाइन फॉलोअरचे, म्हणजे जमिनीवरच्या रेषेवरून चालणाऱ्या रोबोटच्या स्पर्धांचे, नियम आणखी निराळे. नियमावली छापून, खुणा करून आणा. ती बघितल्याशिवाय आम्ही मोटर देत नाही. पालकांचे पैसे कपाटात पडून राहिलेले आम्हाला बघवत नाहीत.

पहिला महिना दोन मोटर आणि एक कॅस्टर, म्हणजे कुठल्याही दिशेला वळणारं छोटं चाक, एवढ्यावरच काढा. रोबोट दोन मीटर सरळ जाऊ लागला की मगच वस्तू उचलणाऱ्या यांत्रिक हाताचा विचार.

एल 298 एन ड्रायव्हर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणारं सर्किट, स्वस्त आहे, शिकायला उत्तम. पण दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो. बॅटरी 7.4 व्होल्टची असली तरी मोटरला साडेपाचच्या आसपासच मिळतात, आणि मुलं बिचारी कोडमध्ये चूक शोधत बसतात.

घोडबंदर रोडच्या एका टीमचा रोबोट घरी छान चालायचा, स्पर्धेत मात्र प्रत्येक वळणावर बंद पडला. काउंटरवर ठेवून बॅटरीची काळी वायर बोटाने जरा हलवली, तर दिवा विझला. स्क्रूखाली तांब्याच्या जेमतेम तीन तारा होत्या, बाकीच्या बाहेर. टोकाला फेरूल, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी, दाबून बसवलं, काम झालं. तीन महिन्यांची मेहनत होती ती. म्हणून प्रत्येक सामन्याआधी एकेक वायर हलकेच ओढून बघा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मोठ्या माणसासमोरच चार्ज करा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, आमच्याकडे दाखवायला आणा.

शनिवारी दुपारी आम्ही सोल्डरिंग शिकवतो, फी नाही. येताना रोबोट, चार्जर आणि नियमावली आणा. पायात बूट हवेत, चप्पल नको.