सामूहिक वनहक्काचा दावा : फाईल कुठे अडते

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली 1,800 हेक्टरहून जास्त जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबू जंगलाबाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि बांबू गावानं स्वतः विकला. तुमच्या गावालाही हे मागता येतं, पण फाईल बहुतेक वेळा पहिल्याच पानावर चुकते.

वनहक्क कायदा 2006 खालचा नमुना ब हा दाव्याचा अर्ज वापरासाठी आहे : चराई, सरपण, मोह, तेंदू, मासे. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क हवा असेल तर नमुना क. अनेक गावं फक्त ब भरतात आणि मिळालेलं हक्कपत्र वाचल्यावर त्यांना कळतं की राखणीचा शब्दच त्यात नाही. दोन्ही भरा.

पात्रतेसाठी गावातलं प्रत्येक घर आदिवासी असण्याची गरज नाही. अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासींची (आदिवासी नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांची) काही कुटुंबं असली तरी पुरे, तसं नमुना क वरच छापलेलं आहे. तरीही घरटी जातीचे दाखले मागतात आणि बिचारी माणसं मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालतात. सभासदांची यादी जोडा, नावापुढे वर्ग लिहा.

गणपूर्तीवर फार दावे पडतात. नेहमीच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार चालतात, इथे चालत नाहीत. एकूण सभासदांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. पेरणीच्या दिवसांत सभा लावू नका. दावे तपासणारी गावाची वनहक्क समिती 10 ते 15 जणांची असते, तिचा ठरावही याच गणपूर्तीनं करा.

आता पुरावे. जुन्या मध्य प्रांतातल्या (आजच्या पूर्व विदर्भातल्या) जिल्ह्यांत निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराची जुनी सरकारी नोंद, सापडतं. पालघर-नंदुरबारकडे ते शोधण्यात महिने घालवू नका. वनहक्क नियमांतल्या नियम 13 मधले एकाहून जास्त पुरावे लागतात, अमुक एकच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. देवराई, मसणवटा, जुनं तळं, गुरांची वाट हेही पुरावेच आहेत. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, पण तो दावेदार सोडून इतरांचा हवा. सामूहिक दाव्यात अख्खं गावच दावेदार, म्हणून शेजारच्या गावच्या म्हाताऱ्याचा जबाब घ्या. ‘नाल्यापलीकडचे मोह लेख्याच्या बाया वेचायच्या, आमच्या बाया अलीकडचे’ असं एक वाक्य छापील मजकुराखालच्या दहा अंगठ्यांपेक्षा भारी पडतं, आणि शिवेचा वादही तिथेच मिटतो.

नकाशा हाती काढलेला चालतो. कक्ष क्रमांक (वनविभागानं जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) ‘माहीत असल्यास’ लिहायचा आहे, त्यापायी दावा परत करता येत नाही. वनविभागाचे आणि महसुलाचे नकाशे पुरवणं हे उपविभागीय समितीचं (ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या, प्रांताधिकाऱ्यांच्या समितीचं) काम आहे. लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. उपग्रहाचा फोटो पूरक पुरावा आहे, तो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

स्थळपाहणीची नोटीस वन आणि महसूल दोघांनाही लेखी द्या. ते आले नाहीत तर पंचनाम्यात तसं लिहा. नंतर त्यांनी पाहणीच झाली नाही म्हणून हरकत घेतली तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

दावा भरायची ‘तीन महिन्यांची मुदत संपली’ हे ऐकून परत फिरू नका. ती मुदत ग्रामसभा कारण नोंदवून वाढवू शकते. खरी सांभाळायची मुदत वेगळी आहे : उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायची. कायदा हे दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतो, म्हणून वेळ घालवू नका, आणि निर्णयाचा कागद मिळाला त्या तारखेसह सही करा. नुसतं तोंडी ‘नामंजूर झालं’ म्हणाले तर कारणांसह लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे.

हक्कपत्र हाती आलं की तिथेच बसून क्षेत्रफळ, सीमा आणि अटी दाव्याशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.