रिकॉलची चिठ्ठी कोणाच्या पत्त्यावर जाते?

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तोवर फक्त मोबाइलवर पाहिलेल्या गाड्या आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या पोरांना डोळ्यांनी दिसू लागल्या. कारंजा लाडकडे अंडरपासमधून कापसाची बंडी चाललेली असते आणि डोक्यावरून एखादी पोर्शे नाहीतर लॅम्बोर्गिनी सूंऽ करत निघून जाते. नुसत्या आवाजावरून गाडी ओळखतो असं सांगणारेही काही तयार झालेत, खरं-खोटं देव जाणे. टपरीवर त्यातल्याच एकाने विचारलं, "भाऊ, तीन कोटीच्या गाडीचं इंजिनबी खराब निघते का?"

निघतं. आणि निघालं की कंपनीने गाडी परत बोलावून दुरुस्त करून द्यायची, यालाच रिकॉल म्हणतात. त्यामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे.

२०१४ चं पोर्शे ९११ जीटी३ चं उदाहरण घ्या. गाडी नवीकोरी, इंजिन ३.८ लिटरचं, ताकद ४७५ अश्वशक्ती. युरोपात यातल्या दोन गाड्या पेटल्या. कंपनीने त्या मॉडेलच्या जगभरातल्या सगळ्या, म्हणजे ७८५ मालकांना कळवलं की गाडी चालवू नका, आम्हीच येऊन घेऊन जातो. मार्चमध्ये कारण सापडलं, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते. मग बोल्ट बदलून काम भागवलं नाही, सगळ्याच्या सगळ्या सातशे पंच्याऐंशी गाड्यांत नवं इंजिन घातलं.

एवढ्याशा बोल्टसाठी अख्खं इंजिन का, हे ज्याने गॅरेजमध्ये उघडं इंजिन पाहिलंय त्याला लगेच कळेल. रॉड खालीवर होणाऱ्या पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याशी जोडतो. त्याचं खालचं तोंड दोन तुकड्यांचं असतं. ते क्रँकवर बसवायचं, खालून टोपी लावायची आणि दोन बोल्टांनी आवळायचं. जीटी३ चं इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला दीडशे. दर फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा वळतो, म्हणजे सेकंदाला तीनशे वेळा. वर गेलेला पिस्टन खाली ओढताना सगळा ताण त्या दोन बोल्टांवर येतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. तोच पिस्टन तिप्पट वेगाने फिरवला की ताण नऊपट. आपल्या डिझेल जीपचं इंजिन तीन हजारांवर गुरगुरत असतं, तिथे थोडा सैल बोल्ट आधी वाजतो आणि मिस्त्रीला कानाने कळतो. नऊ हजारांवर तेवढी सवड कुठली? रॉड सुटतो, केसिंग फोडून बाहेर येतो, ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपांवर सांडतं आणि भडका उडतो.

बाकीच्या नामांकित गाड्यांचीही अशी प्रकरणं आहेत. २०१० मध्ये फेरारी ४५८ इटालियाच्या काही गाड्या पेटल्या. तिथे इंजिन बरोबर होतं, मागच्या चाकाच्या कमानीत उष्णतारोधक पत्रा चिकटवायला वापरलेला गोंद इंजिनच्या धगीने पेट घेत होता. १,२४८ गाड्या परत बोलावून गोंदाच्या जागी धातूचे फास्टनर बसवले. २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनीने सुमारे ५,९०० अ‍ॅव्हेंटाडोर बोलावल्या, कारण टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलची वाफ तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोचण्याचा धोका होता.

हे सगळं कंपन्या आपणहून, मनाच्या मोठेपणाने करतात असं वाटत असेल तर थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत साठच्या दशकापर्यंत दोष सापडला तर डीलरला गुपचूप कळवून भागवता येत होतं, ग्राहकाला सांगायचं बंधन नव्हतं. राल्फ नेडर या तरुण वकिलाने गाड्यांच्या सुरक्षिततेवरून रान उठवलं आणि १९६६ मध्ये कायदा झाला. दोष लपवायचा नाही, मालकाला रजिस्टर टपालाने कळवायचं. पण त्यात एक गोम होती. चिठ्ठी जायची पहिल्या खरेदीदाराला, आणि पुढच्या मालकाला फक्त त्याच्याकडे वॉरंटी आली असेल तरच. शिवाय कायद्यात कळवणं होतं, दुरुस्त करून देणं नव्हतं. फुकट दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात पडायला १९७४ ची दुरुस्ती यावी लागली.

जपानमध्ये १९६९ पासून रिकॉलची पद्धत होती, तरी २००० साली मित्सुबिशी मोटर्सचं बिंग फुटलं. १९७७ पासून ग्राहकांच्या तक्रारी सरकारपासून दडवल्या जात होत्या आणि गाड्या चोरून दुरुस्त केल्या जात होत्या. तक्रारींची कागदपत्रं निघाली कुठून, तर कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीतून.

आपल्याकडे तर 'रिकॉल' हा शब्दच कंपन्यांना जड जायचा. २०१० मध्ये टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा सत्तर हजारांवर गाड्यांत फुकट जादा संरक्षण बसवून दिलं, पण याला रिकॉल म्हणू नका असा आग्रह होता. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, स्वेच्छेची संहिता आणली. स्वेच्छेची, म्हणजे मनात आलं तर. वर्षभरातच जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत मागवल्या. प्रश्न धुराचा होता, सुरक्षेचा नव्हे, पण आतली गोष्ट भारी निघाली. सरकारी तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कंपनीचीच माणसं कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवत होती. टवेरा म्हणजे आमच्याकडची लग्नाची, शेगावच्या दर्शनाची आणि नागपूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायची गाडी. तिच्यात बसून बातमी वाचणाऱ्यांना ती आपल्याच गाडीबद्दल आहे हे पटायला वेळ लागला.

कायद्याचा दात आला तो २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेत. विधेयक आणणारे मंत्री आमच्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी. नव्या कलम ११०-अ ने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश द्यायचा अधिकार केंद्राला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कबूल केला तर दंड नाही. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी. सात वर्षं म्हणजे आमच्याकडे गाडीचं तारुण्य. तेव्हा कुठे ती पुण्या-मुंबईहून तालुक्याला येते.

त्याच वर्षी महिंद्राने १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टसाठी, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यासाठी बोलावल्या. कॅमशाफ्ट पुरवणाऱ्याच्या कारखान्यात मशीनची सेटिंग चुकली होती, आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये बनलेल्या गाड्या सापडल्या. मे महिन्यात रॉयल एनफिल्डने ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलपायी २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या, त्यात बुलेट आणि क्लासिकही होत्या. ७८५ मालकांना एकेक करून गाठणं वेगळं आणि सव्वादोन लाखांवर बुलेटवाले शोधणं वेगळं.

मंगरुळपीर रोडवरच्या गॅरेजमध्ये गेल्या उन्हाळ्यात एक गाडी आली. चढावर अचानक बंद पडायची. मालक कापूस-तुरीचा शेतकरी, गाडी पुण्याहून घेतलेली, तिसऱ्या हातातली. मिस्त्रीने फिल्टर बदलला, वायरिंग पाहिलं, काही सापडेना. मग त्याने बॉनेट उघडून चेसिस नंबर खडूने घासून वाचला आणि कंपनीच्या साइटवर टाकला. फ्युएल पंपाचा रिकॉल, दोन वर्षांपूर्वीचा, अजून बाकी दाखवत होता.

"दादा, चिठ्ठी नाही आली का तुमाले?"

"आमाले कोन धाडते चिठ्ठी?"

चिठ्ठी कोथरूडला गेली असणार. आरसीवर नाव अजून पहिल्या मालकाचंच होतं. शेतकरी साठ-पासष्ट किलोमीटर दूर अमरावतीला गेला, दिवस मोडला, पण पंप फुकटात बदलून मिळाला. गाडी आता चढ चढते. गाडी नावावर करायचे, सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मात्र अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेत, चहाच्या डागासकट.