बेनिनच्या अननसासारखं जीआय घ्यायचं तर अर्ज कोण करतं, कागद काय लागतात

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या दक्षिणेला अलादाचं पठार आहे, तिथला 'पां द स्युक्र' अननस पिकला तरी सालीने हिरवाच राहतो, आतला गर पांढरट आणि गोड. या नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बेनिनमधलं पहिलं. पण नोंदणी बेनिन सरकार करत नाही बरं का, ती होते कॅमेरूनमधल्या याउंदेला, ओआपी नावाच्या आफ्रिकी बौद्धिक संपदा संस्थेत. ही संस्था ज्यातून चालते त्या बांगी करारातल्या 17 देशांचं हे एकच ऑफिस, त्यामुळे एक अर्ज केला की संरक्षण 17 ही देशांत लागू.

अर्ज कोण करू शकतं? त्या भागात माल पिकवणाऱ्यांचा किंवा बनवणाऱ्यांचा गट, नाहीतर सक्षम सरकारी यंत्रणा. माल विकत घेऊन बाहेर पाठवणारा एकटा व्यापारी यात बसत नाही. अर्ज थेट ओआपीला द्या किंवा आपल्या देशातल्या त्यांच्या संपर्क कार्यालयात, आणि अर्जदार या 17 देशांबाहेरचा असेल तर तिथला एजंट नेमावाच लागतो.

कागद म्हणाल तर अर्जदाराचं नाव-पत्ता-राष्ट्रीयत्व, कुठल्या मालासाठी कुठलं नाव, भागाची हद्द, मालाचा दर्जा किंवा नावलौकिक त्या मातीशी कसा जोडलेला आहे ते, आणि फी भरल्याची पावती. हे जमतं हो. खरी कसोटी 'काये दे शार्ज'ची, म्हणजे नियमपुस्तिकेची. कुठली जात लावायची, फळ कधी काढायचं, काय फवारायचं, तपासणार कोण, पेटीवरून शेत कसं शोधायचं, हे सगळं शेतकऱ्यांनी आपसात बसून ठरवायचं आणि मग पाळायचं, इथेच वर्षं जातात. आणि हे नुसतं कागदी काम समजू नका, 2016 च्या शेवटी बेनिनने स्वतःहून युरोपला अननस पाठवणं थांबवलं होतं कारण साल पिवळी दिसावी म्हणून मारलेल्या इथेफॉन या रसायनाचा अंश मर्यादेबाहेर सापडत होता.

अर्ज तपासून झाला की नाव प्रसिद्ध होतं, मुदतीत कुणी हरकत घेतली तर त्याचा निकाल आधी लागतो. सर्रास कुठल्याही मालाला वापरलं जाणारं नाव असेल तर नोंदणी मिळत नाही.

आता गोम अशी की शेजारचा नायजेरिया ओआपीत नाहीच, घानाही नाही. बेनिनचा अननस तर नायजेरियात भरपूर जातो. कर्नाटकी आंबा देवगड हापूस म्हणून खपवला तर निदान कायदा आपलाच असतो, इथे सीमा ओलांडली की याउंदेचं सर्टिफिकेट चालत नाही. युरोपसाठी मात्र वाट आहे, अशी नावं देशोदेशी राखण्यासाठी लिस्बन करार आहे, 2023 पासून ओआपी त्याच्या जिनिव्हा कायद्यात आहे, त्यातून पुढे अर्ज नेता येतो. भारत त्या करारात नाही, त्यामुळे इथे नाव राखायचं तर चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत वेगळा अर्ज, वेगळी फी.