पसरणीचा घाट, दहा वर्षांच्या पायांनी

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट नकाशावर जेमतेम १२ किलोमीटरचा दिसतो. सपाटीवर सायकल चालवायची सवय असलेलं दहा वर्षांचं मूल एवढं अंतर हसतखेळत कापतं. त्यामुळे मुलांना घेऊन डोंगरात सायकलची सुट्टी ठरवताना आई-बाबा आधी किलोमीटर मोजतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटर उंचीवर आहे, पाचगणी १,२९० च्या आसपास. मधले ५७० मीटर सायकलसकट स्वतःला उचलून न्यायचे असतात. दर १०० मीटरला जवळजवळ ५ मीटर चढ. घाटात बेत आखायचा तो या उंचीच्या मीटरवर. किलोमीटर नंतर बघू.

२८ किलोचं मूल आणि १२ किलोची सायकल धरा. हे ४० किलो ५७० मीटर वर न्यायला सुमारे २२३ किलोज्यूल काम करावं लागतं. स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. शिवाय टायर रस्त्यावर घासतो, त्याचा वाटा वेगळा. सगळं धरून मुलाला २५० ते ३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे मध्यम आकाराची तीन केळी. हा आकडा मुळीच भीतीदायक नाही. मग मूल चौथ्या वळणावर रडकुंडीला का येतं?

मुलांच्या शरीराचा यात फारसा दोष नाही. फ्रान्समधल्या क्लेर्मों ओव्हेर्न विद्यापीठाचे सेबास्तियाँ रातेल आणि ऑस्ट्रेलियातले अँथनी ब्लाझेविच यांच्या गटाने २०१८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ८ ते १२ वर्षांचे मुलगे, खेळाचा सराव नसलेले तरुण आणि दमसासाच्या खेळातले राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू, अशा तीन गटांना त्यांनी प्रयोगशाळेतल्या सायकलवर थोडा वेळ जीव तोडून पेडल मारायला लावलं. मुलांची दमणूक सराव नसलेल्या तरुणांपेक्षा कमी, जवळपास त्या खेळाडूंइतकीच निघाली. थांबल्यावर नाडी पूर्ववत व्हायला मुलांना खेळाडूंपेक्षाही कमी वेळ लागला. वयात येण्याआधी स्नायू प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेचा वापर जास्त करतात, हे त्यामागचं कारण.

घाटात मुलांकडे नीट पाहिलंत तर हेच दिसेल. मूल मोठ्यांसारखं एका लयीत चढत नाही. जोरात पाचपन्नास पेडल मारतं, धापा टाकत थांबतं, कठड्यावर बसून जांभ्याचे खडे गोळा करतं, आणि आपण पाण्याची बाटली पिशवीत ठेवेपर्यंत पुन्हा पुढे पळालेलं असतं. त्याला हे करू द्यावं. ‘थांबू नकोस, लय तुटेल’ हा मोठ्यांचा सल्ला मुलाला लागू पडत नाही. वेळापत्रक आखताना चालत्या सायकलचा वेळ निदान दुप्पट धरा, म्हणजे थांबण्यावरून कुरबुर होणार नाही.

मुलांना खरी दमवते ती सायकल. २८ किलोच्या मुलाला १२ किलोची सायकल म्हणजे ७० किलोच्या बाबांना ३० किलोची. बाबा अशी सायकल घाटात न्यायला तयार होतील का? म्हणून मुलाच्या सायकलवरचं स्टँड, मडगार्ड, बास्केट, कॅरिअर, जे निघेल ते काढा, आणि त्याच्या पाठीवर काहीही देऊ नका, पाण्याची बाटलीसुद्धा नको. तिथे वाचलेला एकेक किलो मोठ्यांच्या सायकलवरच्या अडीच किलोंएवढा आहे.

दुसरी गोष्ट गिअर. यासाठी घरच्या अंगणात करता येईल अशी एक चाचणी आहे. जमिनीवर मागच्या चाकाखाली खडूने खूण करा, सगळ्यांत हलका गिअर टाका, पेडल बरोबर एक फेरी फिरवा आणि सायकल किती पुढे गेली ते टेपने मोजा. घाटात मुलाचा वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १०० मीटर असतो. पेडलच्या एका फेरीत सायकल ३ मीटर जात असेल, तर मिनिटाला ३३ फेऱ्याच पडतात आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर सगळं वजन येतं. तेच अंतर १.६ मीटर असेल तर ६० च्या वर फेऱ्या पडतात, पाय हलका फिरतो. २ मीटरहून जास्त भरलं तर सायकलवाल्याकडून मागे जास्त दात्यांचा फ्रीव्हील किंवा पेडलजवळ लहान दातेरी चाक बसवून घ्या. बिनगिअरच्या सायकलवर मुलाला हा घाट चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चढवायलाच हवा असंही नाही. शनिवार-रविवारी या घाटात गाड्यांची रांग असते, अरुंद वळणांवर बस अंगावर येते. मी बेत आखला तर मधल्या वारी आखेन. पहिले दोन दिवस मुक्काम वाईत. कृष्णेच्या काठाने मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, पुढे धोमचं नृसिंहाचं देऊळ आणि धरण. वाईपासून धोम आठेक किलोमीटर आणि बराचसा रस्ता सपाट, म्हणजे पाय मोकळे होतात. तिसऱ्या दिवशी सायकली टेम्पोत टाकून वर जायचं आणि पाचगणीजवळच्या भिलारला उतरायचं, कारण हे पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली, डिसेंबर ते मार्च शिवारात स्ट्रॉबेरी. गावातल्या रस्त्यांवर लहान लहान चढ येतात. दहा वर्षांच्या नवख्या मुलाला दिवसाला अडीचशे-तीनशे मीटर चढाई पुरे, आणि ती सकाळीच उरकावी. पावसाळ्यात मात्र इकडे नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धुक्यात समोरच्या गाडीला छोटी सायकल दिसत नाही.

सगळ्यांत जास्त काळजी उताराची. चढताना कमावलेली उंची उतरताना उष्णता होऊन बाहेर पडते. मोठा माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो ५७० मीटर खाली येतात तेव्हा ५३० किलोज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात दीड लिटर पाण्याला उकळी येईल. काही भाग टायर आणि हवा खातात, उरलेला ब्रेकच्या गट्ट्यांवर आणि रिमवर जातो. शिवाय मुलाची बोटं लहान, पकड कमी. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येते. हे निघण्याआधी घरीच करा. उतारावर दर दोन किलोमीटरला थांबून बोटं मोकळी करू द्या, आणि रिमवर पाण्याचा थेंब टाका. चुर्र झालं तर रिम गार होईपर्यंत थांबा. वेग दीडपट झाला की थांबायला सव्वादोनपट अंतर लागतं. म्हणून पुढे एक मोठा, मधे मूल, मागे दुसरा मोठा, आणि वेग पुढच्याने ठरवायचा.

मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी असते, किलोमागे मोठ्यांपेक्षा जवळपास ४० टक्के जास्त. त्यामुळे उन्हात ते लवकर तापतं आणि घामेजलेल्या अंगाने उतारावर वारा लागला की लवकर गारठतं. विंडचीटर उतार सुरू होण्याआधी चढवा. पाण्यासाठी तहानेची वाट पाहू नका. अमेरिकन अकादमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनेप्रमाणे ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी द्यावं. सोबत चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळी. खाऊ बंद डब्यात ठेवा, घाटातली माकडं पिशवी ओढून नेतात.

सह्याद्रीत हवा विरळ होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. लडाखला येतो, आणि हल्ली आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तिकडे जातात. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांशच उरतो. विमानाने थेट पोचल्यावर पहिले दोन दिवस सायकलला हात लावू नये. लहान मुलांना डोकं दुखतंय हे धड सांगता येत नाही. ती किरकिर करतात, जेवत नाहीत, खेळत नाहीत, आणि आपल्याला वाटतं प्रवासाने कंटाळली. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. गाडीने ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला खिंडीत जाऊन सायकलने लेहला उतरायची सहल पर्यटकांना विकली जाते. विरळ हवा, गारठा आणि ब्रेकवरचा तो प्रचंड भार, तिन्ही एकदम येत असल्याने मुलांना ती मुळीच नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग रुळलं की सिंधूच्या खोऱ्यातल्या शे गावाचा रस्ता धरा. पंधराएक किलोमीटर, चढउतार किरकोळ. मुलांचा उत्साह टिकला तर पुढे ठिकसे गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, चारपाच किलोमीटरवर आहे, नाहीतर शेहूनच सायकली गाडीवर चढवून परत या.