मदत आणि तग: एका 'त्यामुळे'चं भांडण

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एखाद-दुसरा अहवाल मराठी करायला येतो. चर्चच्या किंवा चर्चच्या पैशांवर चालणाऱ्या कुठल्यातरी संस्थेचा, दुष्काळी गावांतल्या कामाचा. त्यात हमखास एक वाक्य असतं: अमुक इतक्या कुटुंबांना धान्याची किट वाटली, त्यामुळे गावाची लवचिकता वाढली. या 'त्यामुळे'वर माझा जुना राग आहे. किट वाटली हे खरं असतं. कशाची तरी ताकद वाढली हेही कुठे कुठे खरं असतं. पण पहिल्यातून दुसरं निघत नाही, आणि ही गल्लत पैसे देणारे, काम करणारे, बातमी लिहिणारे सगळेच करतात.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजी अहवालातल्या 'रेझिलियन्स'चं हे भाषांतर. लवचिकता वेताच्या छडीला असते, किंवा मंत्र्यांच्या धोरणाला. गाव वाकून परत सरळ होत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा गाव तग धरतं किंवा धरत नाही. पिकाबद्दल आपण हेच म्हणतो, जित्राबाबद्दलही. म्हणून मी 'तग' लिहिते आणि संपादक ते खोडतात. काही जण त्याहून वाईट करतात, 'सोशिकता' लिहितात. सोसणं ही कोरडवाहू गावातल्या बाईची नाइलाजाची सवय आहे. तिचं कौतुक करून कुठल्याही संस्थेने पैसे मागू नयेत.

मदतकार्य काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी, लाल मिलो ज्वारी, खडी फोडायला गेलेली अख्खी गावं, हे घरोघरी ऐकलेलं आहे. 1993 च्या सप्टेंबरात किल्लारी हादरली तेव्हा ट्रकच्या ट्रक कपडे गेले, तेही अनेकांनी पाहिलं. ख्रिस्ती संस्थांचा यातला वाटा जुना आहे. फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 मध्ये प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची 'कासा' उभी राहिली, कॅथलिक बिशपांची 'कॅरिटास इंडिया' 1962 ची. त्याच्याही आधी, 1896-97 च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, बेवारस मुली घेऊन आल्या आणि त्यातून दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती सदन वाढलं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, हे विसरून त्यांच्या कामाकडे बघता येत नाही. केडगावला मुलींना नुसतं जेवायला घातलं नाही. विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. म्हणजे मदत आणि तग यांच्यातली रेषा तेव्हाही कुणाला तरी दिसत होती.

मदतीला नाक मुरडणारे मला आवडत नाहीत. 'मासा देऊ नका, मासेमारी शिकवा' हे वाक्य तर मराठवाड्याच्या दुष्काळावरच्या भाषणात ऐकलं की उठून जावंसं वाटतं. तिथे तळंच आटलेलं असतं. उपाशी माणसाला आधी भाकरी द्यावी, आणि देताना फोटो काढू नये.

किरकोळ फरक भराभर सांगते. मदत आठवड्यांत मोजतात, तग धरण्याचं काम वर्षांत. मदतीला रोकड जास्त लागते, दुसऱ्याला माणसं जास्त लागतात. पैसा परदेशी आहे की देशी यावर काहीच ठरत नाही, दोन्हीकडे दोन्ही असतो. आणि 'मिशनऱ्यांचं काम म्हणजे धर्मांतर' या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच सांगते की ख्रिस्ती माणसाने सुरू केलेली प्रत्येक संस्था ख्रिस्ती नसते. 'वॉटर' म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवण्याचं काम करणारी, 1993 ची. तिच्या मुळाशी हर्मन बाखर हे स्विस जेझुइट फादर आणि क्रिस्पिनो लोबो ही दोन माणसं आहेत. पण ती धार्मिक संस्था नाही. तिच्या पाणलोट समितीत गावात जे असतील ते बसतात.

आता ज्यावर भले भले घसरतात ते.

बहुतेकांना वाटतं, फुकट दिलं की मदत आणि घाम गाळून मिळवलं की तग. म्हणून अहवालात श्रमदानाचे फोटो असतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, मागे उगवता सूर्य. पण बहात्तरला खडी फोडणाऱ्यांनी कमी घाम गाळला होता का? दुष्काळी कामांवर रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. दगड तेच, टिकाव-फावडं तेच, मजुरीही तीच. तरी ती मदतच होती, आणि तशी म्हणण्यात काही कमीपणा नाही. तेव्हा घाम ही खूण चालत नाही. बांधकाम हीसुद्धा खूण नाही. नाला खोल करून पोकलेन निघून गेला की तेही धान्याच्या किटसारखंच. एका पावसाळ्यात संपतं.

खूण वेगळीच आहे. मदतीत गावाला काहीतरी मिळतं. तग धरण्याच्या कामात गावाला काहीतरी सोडावं लागतं.

दरेवाडी घ्या. संगमनेर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. बाखर 1948 मध्ये भारतात आले, पुढे नगर जिल्ह्यात रुजले, नगरच्या सोशल सेंटरचं काम त्यांनी उभं केलं आणि त्यातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची कल्पना पुढे आली. पैसा जर्मन सरकारचा, नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेमार्फत, आणि गावांची तयारी करून घेण्याची जबाबदारी 'वॉटर'कडे. दरेवाडीत हे काम 1996 ते 2001 चाललं. काम माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समपातळी चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) आणि झाडं, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग ओघळीत दगडी बांध आणि अगदी शेवटी नाल्यातला बंधारा. हा क्रम उलटा केला की बंधारा दोन वर्षांत गाळाने भरतो. (हा क्रम ज्याला तोंडपाठ नाही त्याने पाणलोट हा शब्द वापरू नये, असं माझं मत आहे. ते टोकाचं आहे हे मला माहीत आहे.)

पण चर खोदणं सोपं होतं. अवघड होती ती अट: चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगर मोकळ्या गुरांना बंद. ज्यांच्याकडे शेळ्यामेंढ्या होत्या आणि जमीन नव्हती किंवा नावापुरती होती, त्यांची रोजची शिदोरी त्या डोंगरावर होती. आणि चर भरले, पाणी मुरलं, की ते उतरतं कुठे? खालच्या विहिरीत. विहीर कुणाची? जमीनवाल्याची. डोंगर एकाचा बंद होतो, विहीर दुसऱ्याची भरते. धनगराने विरोध केला तर तो अडाणी म्हणून नव्हे, त्याला हिशेब येतो म्हणून.

मदतीच्या कामात हा प्रश्न उभाच राहत नाही. गव्हाचं पोतं मला मिळालं म्हणून तुझं काही जात नाही. फार तर यादीत नाव कुणाचं यावर भांडण होतं. तग धरण्याच्या कामात मात्र पहिल्याच ग्रामसभेत विचारावं लागतं की सोडणार कोण, आणि सोडणाऱ्याला बदल्यात काय. इंडो-जर्मन कार्यक्रमात यावर काही उत्तरं होती. भूमिहीनांना श्रमदानातून सूट होती. चरांच्या कामावर त्यांना मजुरी मिळे. डोंगरावर गुरं न्यायची नाहीत, पण वाढलेलं गवत कापून न्यायचं. शेतात काय करायचं ते तिथे उभं राहून नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवायचं, त्याला 'नेट प्लॅनिंग' म्हणत. ही उत्तरं सगळीकडे पुरली नाहीत. दरेवाडीतही शेळ्या विकाव्या लागलेल्यांचा तोटा आणि विहीरवाल्यांचा फायदा एका तागडीत बसत नाही. तरी गावात शेतीचं काम वर्षातून तीन-चार महिने मिळायचं ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं, उन्हाळ्यातला टँकर थांबला, आणि कामासाठी बाहेर जाणारी काही माणसं घरी राहिली. बंदी पाळली गेली म्हणून हे झालं. बंदी ज्या वर्षी मोडली असती त्या वर्षी चरांचा उपयोग फक्त फोटोपुरता उरला असता.

नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार गावालाही हेच सूत्र आहे, तिथे ख्रिस्ती संस्थेचा काही संबंध नसताना. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या पुढे जाऊन त्या गावाने शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली, ऊस-केळी टाळली. ज्याच्याकडे बोअर मारायला पैसे होते त्याने सोडलं, हे त्यातलं खरं. गरिबाला 'सोड' म्हणायला धैर्य लागत नाही.

जामखेडची गोष्ट पाण्याची नाही, पण खूण तीच. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य, वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेलं. 1970 मध्ये ते जामखेडला आले. त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे 176 पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. मोठा दवाखाना बांधून औषधं वाटणं ही मदत झाली असती, चांगली मदत. त्यांनी गावागावातून बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, बऱ्याच दलित, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांचं शहाणपण शिकवलं. साखर-मीठ-पाणी पाजायला डॉक्टर लागत नाही हे एकदा कळलं की डॉक्टरकडचं काहीतरी जातं. आरोळ्यांनी ते जाऊ दिलं. सोडणारा इथे देणाराच होता.

गावालाही सोडावं लागलं. हातपंप बसवायचे ठरले तेव्हा ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं तर वरच्या आळीच्या बाईने तिथे कळशी घेऊन जायचं. सवर्णांनी विटाळ सोडल्याशिवाय पंपाचा उपयोग नव्हता, आणि उन्हाळ्यात तहान विटाळापेक्षा मोठी ठरते. हातपंप ही वस्तू त्या काळी कुणीही दिली असती. जागा कुठली निवडली यात सगळं काम होतं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहवालांत तेवढं ठळक छापतात, पंपाच्या जागेबद्दल एक ओळ नसते.

इथे कुणीतरी म्हणेल, म्हणजे बंद्या घालणं आणि लोकांकडून हिसकावणं यालाच तुम्ही विकास म्हणता. नाही. बाहेरच्या साहेबाने घातलेली बंदी ही वनखात्याची बंदी, ती रात्री मोडते. दरेवाडीत राखणदार गावाने नेमला, दंड गावाने ठरवला, आणि समितीत कोण बसणार हे ग्रामसभेत ठरलं. एका बैठकीला मी स्वतः होते, गावाचं नाव सांगत नाही. एक म्हातारा मेंढपाळ शेवटपर्यंत गप्प बसला आणि उठताना म्हणाला, "दोन वर्षांनी विहिरीत पाणी आलं की मला बोलवा, बादलीभर तरी द्या." हशा झाला. इतिवृत्तात ते लिहिलं गेलं नाही. इतिवृत्त माझ्याकडे असतं तर मी तेवढंच लिहिलं असतं, कारण त्याच्या वाक्यात त्या प्रकल्पाची सगळी अट होती.

आणखी एक गफलत, छोटी पण चीड आणणारी: 'लाभार्थी'. मदतीच्या यादीत हा शब्द चालतो, त्या माणसाला खरंच लाभ झालेला असतो. पण डोंगर सोडलेल्या धनगराला लाभार्थी म्हणणं ही थट्टा आहे. तो त्या कामातला सगळ्यात मोठा देणगीदार आहे, जर्मन करदात्याच्या आधीचा.

आणि हे सगळं एकदा करून संपत नाही, ही त्यातली कटकट. बंधारे भरले, विहिरींना पाणी टिकलं, की पहिली गोष्ट काय होते ते नगर-संगमनेर भागात कुणालाही विचारा. ज्याच्याकडे पैसा आहे तो बोअर मारतो. मग शेजारी त्याहून खोल मारतो. डाळिंब, कांदा, कुठे कुठे ऊस येतो. दुसऱ्याने सोडलेल्या डोंगराचं पाणी तिसऱ्याच्या पाइपातून जातं. म्हणून 'वॉटर'सारख्या संस्था आता चरांपेक्षा पाण्याच्या ताळेबंदावर जास्त बोलतात: पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्याला आणि गुरांना किती ठेवायचं, आणि उरलेल्यात रब्बीला कोणतं पीक परवडतं. हिवरे बाजारला हा हिशेब दर वर्षी ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस कमी झाला तर पेरा कमी.

म्हणून अहवाल आला की मी किटांचा तक्ता आणि श्रमदानाचे फोटो मागे टाकते आणि आधी ताळेबंदाचं पान शोधते. असलं तर त्यात एकच रकाना बघते: या वर्षी कोणी किती पेरा कमी केला. बहुतेक वेळा तो रकाना कोरा असतो. मग 'त्यामुळे' खोडते, तिथे पूर्णविराम देते आणि अहवाल परत पाठवते.