डॉट लिब कोणती, मालाची की चिठ्ठीची?

वजनकाट्याशी बोलणारी लायब्ररी म्हणून एका विक्रेत्याने झिप पाठवली. आत एक हेडर (फंक्शनांची नावं सांगणारी फाइल) आणि सहा केबीची एक डॉट लिब फाइल. प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात बिल्ड झाला. चालवायला गेलो तर विंडोज म्हणे, अमुक डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी कोडची वेगळी फाइल) सापडत नाही. फोन केला तर उत्तर आलं, "सर, लायब्ररी दिलीये की!"

दिली होती, खोटं नाही. पण मायक्रोसॉफ्टची टूल्स दोन अगदी वेगळ्या गोष्टींना डॉट लिब हेच शेपूट लावतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांचं, गाठोडं. आत खरा मशीन कोड असतो. लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं टूल) त्यातलं लागेल तेवढं उचलून तुमच्या ईएक्सईत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलीत, घालतो. मग ती लिब डिलीट केली तरी प्रोग्रॅम चालतो. इम्पोर्ट लायब्ररीत कोड जवळपास नसतोच. तिच्यात फक्त नोंदी असतात: हे फंक्शन त्या डीएलएलमध्ये, या नावाने मिळेल. लिंकर ती नोंद ईएक्सईत उतरवतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजचा लोडर डीएलएल शोधायला निघतो. एक गोदामातला माल, दुसरी गोदामावरची चिठ्ठी.

नुसत्या आकारावर जाऊ नका, मोठ्या डीएलएलची चिठ्ठीही लांबलचक असते. लिब नावाचं टूल 'स्लॅश लिस्ट' देऊन चालवा. ऑब्जेक्ट फाइलींची नावं आली तर माल. एकाच डीएलएलचं नाव ओळीने पुन्हा पुन्हा आलं तर चिठ्ठी. मिनजीडब्ल्यूवाले (विंडोजवर जीसीसी हा मुक्त कंपायलर वापरणारे) इथे जास्त शहाणे: त्यांच्याकडे स्टॅटिकला नुसतं डॉट ए, इम्पोर्टला डॉट डीएलएल डॉट ए.

लायब्ररी दुसऱ्याच्या कंपायलरला द्यायची वेळ आली की हा फरक खरा बोचतो. स्टॅटिक लायब्ररीवर तिच्या कंपायलरचा शिक्का असतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ एकमेकांशी जुळवून घेतात (लिंक मात्र त्यातल्या सर्वात नव्या टूलसेटने करायचं), त्यामुळे घरातल्या घरात निभावतं. तीच सी प्लस प्लसची लिब जीसीसीकडे नेली की संपलं. दोन आकडे बेरीज करणारं साधं फंक्शन मायक्रोसॉफ्टकडे प्रश्नचिन्हाने सुरू होणारं नाव घेतं, जीसीसीकडे अंडरस्कोअर झेडने. हाक एका नावाने, ओ देणारा दुसऱ्याच नावाचा.

चिठ्ठी मात्र नव्याने लिहिता येते. मायक्रोसॉफ्टच्या डंपबिन टूलला 'स्लॅश एक्स्पोर्ट्स' सांगून डीएलएलमधली नावं काढा आणि एका डॉट डेफ फाइलमध्ये एकाखाली एक लिहा. त्या फाइलवरून लिब टूल मायक्रोसॉफ्टसाठी इम्पोर्ट लायब्ररी बनवतं (६४-बिट हवी असेल तर 'स्लॅश मशीन' विसरू नका), डीएलएलटूल मिनजीडब्ल्यूसाठी. मिनजीडब्ल्यूचा लिंकर तर चिठ्ठीवाचूनही थेट डीएलएलला जोडून घेतो.

पण चिठ्ठी बदलली म्हणून माल बदलत नाही. डीएलएलमधून सी प्लस प्लसचे क्लास बाहेर काढले असतील तर नावांचं तेच रडगाणं पुन्हा. म्हणून बाहेर दिसणारी फंक्शनं 'एक्स्टर्न सी'ची (म्हणजे साध्या सी भाषेसारख्या नावांची) ठेवा आणि एक्सेप्शन (चालताना उडणाऱ्या चुका) डीएलएलच्या उंबऱ्याच्या आतच पकडा. मेमरीचंही तसंच: डीएलएलने घेतलेली मेमरी डीएलएलनेच सोडायची. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर २०१५ पासून यूसीआरटी ही सी रनटाइम लायब्ररी वापरतो, मिनजीडब्ल्यूचे कित्येक बिल्ड अजून जुन्या एमएसव्हीसीआरटीवर आहेत. दोघांचे हीप (मेमरीचे साठे) वेगळे. एकाकडून घेतलेलं दुसऱ्याला परत केलं की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही बहुधा डेमोच्या दिवशी.

सीमेक या बिल्ड टूलमध्येही हीच गल्लत होते. तयार डीएलएलचा पत्ता 'इम्पोर्टेड लोकेशन'मध्ये जातो, लिबचा 'इम्पोर्टेड इम्पलिब'मध्ये. बरेच जण लिब पहिल्या जागी कोंबतात आणि सीमेकला शिव्या देतात.

विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी डीएलएल पाठवली. ३२-बिटची. आमचा प्रोग्रॅम ६४-बिटचा, त्यामुळे विंडोजची तक्रार तेवढी बदलली. तिसऱ्या झिपमध्ये योग्य ती आली.